खुर्चीआधी माती

दोरीवरचा टॉवेल ओला आहे की वाळलाय, हे बाईंना आता ताईला विचारावं लागे.

"ताई, हा बघ गं. वाळलाय?"

"दमट आहे अजून," ताई म्हणायची आणि टॉवेल परत दोरीवर टाकायची. पहिले काही दिवस तिला वाटलं, धाकटी बहीण आजारपणानंतर लाडात आलीय. मग एकदा बाईंनी गरम तवा नुसत्या हाताने उचलला आणि चक्क ओट्यावर नेऊन ठेवला, तेव्हा ताईने काय ते ओळखलं. त्या दिवसापासून तिने लाडाचा विषय काढला नाही.

बाई म्हणजे मृदाशास्त्रज्ञांच्या संघटनेतल्या बाई. संघटनेत बायका पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायची. सदतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही, माती चोळली. चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, पाण्याचे चार थेंब टाकायचे, मळून गोळी करायची आणि अंगठा नि तर्जनीच्या मध्ये दाबत दाबत तिची पट्टी काढायची. वाळू असली तर कानाशी नेल्यावर खरखरते. गाळ असला तर गुळगुळीत सरकते. चिकण असली तर अंगठ्याला सोडत नाही आणि पट्टी न तुटता लांबत जाते. एवढ्यावरून मातीचा पोत सांगायचा. प्रयोगशाळेला या कामाला दोन दिवस लागतात, बाईंना अर्धं मिनिट लागायचं, आणि ते अर्धं मिनिटही समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

मग आजार आला. औषधांनी आजाराला घालवलं, पण जाता जाता बोटांच्या टोकांतली जाणीवही नेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल थोडं थोडं. दीड वर्ष झालं, काही आलं नाही. संघटनेत सगळ्यांना वाटत होतं बाई अभ्यासरजेवर आहेत, एखादं जाडजूड पुस्तक घेऊनच परत येतील. खरं काय ते एकट्या ताईला माहीत होतं.

आता कुणी म्हणेल, मग अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभं राहायची हौस कसली? हौस नव्हती. संघटनेत तीन-चार वर्षं एकच भांडण पेटलेलं होतं: सदस्य व्हायच्या परीक्षेत हाताने पोत ओळखायचा पेपर ठेवायचा की काढायचा. मशीनमध्ये नमुना टाकला की आकडे पडतात, मग नव्या पोरांनी बोटं कशाला मळवायची, असं एका बाजूचं म्हणणं. शेताच्या बांधावर मशीन कोण घेऊन जाणार, असं दुसऱ्या बाजूचं. या दुसऱ्या बाजूला दाखवायला एकच चेहरा होता. सगळ्यांनी बाईंना फोन करून करून हैराण केलं, आणि बाई हो म्हणाल्या. का म्हणाल्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. त्या एकतीस मतांनी निवडून आल्या. निकालाचं पत्र ताईने मोठ्याने वाचलं. बाईंनी ते ऐकलं आणि भाजी चिरायला घ्यायला सांगितलं, कारण सुरी आता ताईकडे असे.

जो हरला त्याला संघटनेत यंत्रवाला म्हणत. सेहेचाळीस वर्षांचा, दोन मशीनं स्वतः बनवलेला, बोलायला साधा. तो एकेकाळी बाईंचाच विद्यार्थी. पहिल्याच वर्षी एका नमुन्यावर तो तीनदा चुकला तेव्हा सगळ्या वर्गासमोर बाई त्याला म्हणाल्या होत्या, "तुझे हात लाकडाचे आहेत. दुसरं काहीतरी बघ." त्याने दुसरं काहीतरी बघितलं आणि त्यातच नाव काढलं. बाई ते वाक्य विसरल्या होत्या. दीड वर्षापूर्वी, तवा उचलला त्याच आठवड्यात, ते त्यांना आठवलं. तेव्हापासून ते रोज आठवत होतं. त्याचं वाईट वाटत होतं का, तर तेही नीट वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

आणि संघटनेची एक रीत होती. निवडून आलेल्याने खुर्चीत बसण्याआधी भरसभेत माती चोळायची. मावळते अध्यक्ष एक कुपी घेऊन येणार, त्यातली माती कुठली ते कुणालाच माहीत नसणार, आणि तिच्या पोताचं नाव बंद लिफाफ्यात असणार. नव्या अध्यक्षाने पोत सांगायचा, लिफाफा फोडायचा, टाळ्या. बाई विद्यार्थिनी असताना त्यांचे गुरू, थोरले सर, दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते. सरांनी डोळे मिटून माती चोळली, दोन शब्द बोलले, लिफाफ्यातून तेच दोन शब्द निघाले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. आपण आयुष्यात काय करायचं, ते बाईंनी त्या दिवशी ठरवलं. पुढे चिटणीस झाल्यावर त्यांनी ही रीत संघटनेच्या घटनेतच घालून घेतली: 'जो सभेसमोर मातीचा पोत सांगेल, तोच अध्यक्षाच्या खुर्चीत बसेल.' उद्या यंत्रवाले निवडून आलेच, तर एकदा तरी त्यांची बोटं मळावीत, हा त्यामागचा कावा. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

सभेआधी महिनाभर दोघी बहिणी स्वयंपाकघरात सराव करत बसल्या. ताई डब्यांतून नमुने काढून द्यायची, बाई रंग बघायच्या, कानाशी न्यायच्या, वास घ्यायच्या. दहांतले चार बरोबर यायचे.

"चार म्हणजे वाईट नाही," ताई म्हणाली.

"विद्यार्थ्याला मी चारावर नापास करायचे," बाई म्हणाल्या.

सभा एका संशोधन संस्थेत होती, बाहेरगावी. दोघी आदल्या दिवशीच तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत येऊन उतरल्या. दोन पलंग, एक कपाट, खिडकीखाली सायकलींचा स्टँड. सकाळी नऊ वाजता ताई बाईंच्या कोटाची बटणं लावून देत होती आणि दारावर टकटक झाली. मावळते अध्यक्ष होते. हातात फायली, चेहऱ्यावर घाई. आत येऊन त्यांनी ताईकडे बघितलं आणि थांबले.

"बहीण आहे माझी. बोला," बाई म्हणाल्या.

"रेताड पोयटा," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"कुपीत. रेताड पोयटा आहे. पण लगेच सांगू नका हं बाई, जरा वेळ घ्या. डोळे मिटलेत तर उत्तम. लोकांना आवडतं."

ताईचे हात तिसऱ्या बटणावर थांबले.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या आधीच्यांनी. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. सगळ्यांनाच सांगतात की." त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "पहिल्याच दिवशी अध्यक्ष सगळ्यांसमोर तोंडावर पडायला नकोत. संस्थेचं हसं होतं. थोरल्या सरांनीच सुरू केलं हे. त्यांच्या दुसऱ्या वेळेला कुपी मीच आणली होती, त्यांच्याच कपाटातून."

चहाची चौकशी करून, अकराला पाच कमी असताना खाली या असं सांगून ते निघून गेले.

बाई पलंगावर बसल्या. आता राग येईल म्हणून त्यांनी वाट बघितली. निदान रडू यावं. सदतीस वर्षं ज्या एका सकाळीवर उभी होती, ती सकाळ एका कपाटातून निघालेली होती. हे त्यांना समजलं, अगदी स्वच्छ समजलं, आणि आत काहीही हललं नाही. खिडकीखाली कुणीतरी सायकलीचं कुलूप काढत होतं, त्याचा आवाज मात्र नीट ऐकू आला.

"बरंच झालं म्हणायचं," ताई चौथं बटण लावत म्हणाली. "तुझं काम झालं. हाताचा पेपरही टिकला तुमचा."

"हो," बाई म्हणाल्या. "झालं काम."

सभागृह उतरत्या रांगांचं होतं. खाली व्यासपीठावर एक लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग, पसरट भांडं, पांढरा नॅपकिन, आणि मध्ये कुपी. टेबलामागे अध्यक्षाची उंच पाठीची खुर्ची रिकामी. पहिल्या रांगेत माजी अध्यक्ष, त्यांतले दोघे डुलक्या घेत होते. यंत्रवाला दुसऱ्या रांगेत कडेला. हरलेल्या माणसाने जितकं सरळ बसायला हवं तितका सरळ बसलेला. ताई तिसऱ्या रांगेत, मांडीवर दोघींच्या पर्स.

चिटणिसांनी माईक ठोकून बघितला, दोन घोषणा केल्या आणि बाईंना पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या. मावळत्या अध्यक्षांनी कुपी उघडून बाईंच्या तळहातावर माती ओतली.

हातांना सवय होती. बाईंनी पाणी घातलं, मळलं, गोळी केली. सगळं डोळ्यांनी. आपलेच हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे त्या बघत होत्या. पट्टी काढता काढता, सांगायचं काय ते माहीत असतानाही, सवयीने त्यांनी हात कानाशी नेला.

खरखर नव्हती.

त्यांनी पुन्हा दाबलं. एकदाच बारीक 'कच्' असा आवाज आला, बाकी शांत. रेताड माती अशी गप्प बसत नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि पट्टीकडे बघितलं. दोन बोटं लांब, तीन बोटं लांब, आणि तुटायचं नाव नाही. कुपीत रेताड पोयटा नव्हता. लिफाफ्यात मात्र तोच होता, आणि टाळ्या लिफाफ्याला पडतात.

मावळत्या अध्यक्षांनी बाजूने हलकेच मान हलवली. चला, झालं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, तुमचं बोट."

करड्या पट्टीच्या कडेला लाल ओघळ उतरत होता. तर्जनीचं टोक चांगलं चिरलं होतं, मघाशी केव्हातरी, त्या 'कच्'च्या वेळी. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. सभागृहाने ते बाईंच्या आधी बघितलं होतं.

"खडा असेल," मावळते अध्यक्ष घाईने म्हणाले. "बाई, सांगून टाका तेवढं, मग बोट बांधू."

सांगता आलं असतं. दोन शब्द होते. पेपर टिकला असता, खुर्ची मिळाली असती, आणि खड्याचा विनोद करून सगळे जेवायला गेले असते. बाईंनी तोंड उघडलं तेही त्याच दोन शब्दांसाठी. पण त्यांची नजर बोटावरून हलेना. रक्त येत होतं आणि बोट गप्प होतं.

"मला लागलेलं कळलंच नाही," त्या म्हणाल्या. माईक चालू होता.

त्यांनी बोट सभेपुढे वर धरलं.

"दीड वर्ष झालं. माझ्या बोटांना काही कळत नाही. टॉवेल ओला आहे का, तेही बहिणीला विचारते. ही माती कशी आहे, ते मला सांगता येणार नाही."

मागच्या रांगेत कुणाचं तरी पेन खाली पडलं आणि पायरी पायरी करत घरंगळलं. ते थांबेपर्यंत सगळे त्याचाच आवाज ऐकत राहिले. बाईंनी नॅपकिन बोटाला गुंडाळला आणि दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

"तू इकडे ये," त्या यंत्रवाल्याला म्हणाल्या.

सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ, पण बाई ये म्हणाल्यावर उठून आला. त्यांनी डाव्या हाताने कुपी त्याच्यापुढे सरकवली.

"घे. जपून, आत काहीतरी धारदार आहे."

"बाई, मी?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझे हात..."

"मी काय म्हणाले होते ते मला ठाऊक आहे. म्हणायला नको होतं. पोरांच्या देखत तर नकोच होतं. घे आता."

त्याने बाह्या दुमडल्या. पाणी आधी जास्त पडलं, मग त्याने अजून माती घेतली. मळताना तो लाजत होता. पहिली पट्टी त्याने घाईने काढली आणि चुरगाळून टाकली.

"नाव सांगायची घाई नको," बाई म्हणाल्या. "कशी लागते ते सांग. मला सांग."

त्याने डोळे मिटले. बाईंनी सांगितलं नव्हतं, तरी मिटले.

"गार आहे," तो म्हणाला. "खरखर नाही. आधी ओल्या साबणासारखी सरकत होती. आता चिकटायला लागली. अंगठा उचलला की थोडी वर येते, मग सुटते." त्याने पुन्हा दाबलं. "नाही, सुटत नाही. ओढून धरते. हा एक तुकडा आहे, शिंपल्याचा असेल. कड पातळ आहे."

बाई ऐकत होत्या. अंगठा उचलला की थोडी वर येते. हो, येते. असंच असायचं ते. दीड वर्षात हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण कुणाला विचारायचं तेच त्यांना सुचलं नव्हतं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"गाळाची चिकणमाती," यंत्रवाला म्हणाला.

चिटणिसांनी लिफाफा फोडला. चिठ्ठी वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली. "रेताड पोयटा," ते म्हणाले.

सभागृहात कुजबुज झाली. यंत्रवाल्याचा चेहरा उतरला, आणि त्याने हात भांड्याकडे नेला, धुवायला.

"थांब," बाई म्हणाल्या. मग त्या मावळत्या अध्यक्षांकडे वळल्या. "ही माती तुम्ही चोळून बघितली होती?"

"कुपीवर चिठ्ठी होती," ते म्हणाले.

"चोळली होती का?"

त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथले सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, डुलक्या घेणारेसुद्धा. कपाटातून कुपी निघाली, चिठ्ठीवरचं नाव लिफाफ्यात गेलं, लिफाफ्यातलं नाव बाईंच्या कानात आलं, आणि हातांसाठी एवढी वर्षं जिवावर उदार झालेल्या या मंडळींपैकी एकानेही त्या मातीला बोट लावलं नव्हतं. गरजच काय होती? बाईंना हे सगळं माईकवर सांगता आलं असतं. त्यांना तेवढा राग अजूनही आलेला नव्हता. त्यांनी फक्त यंत्रवाल्याच्या हातातली गोळी घेऊन मावळत्या अध्यक्षांपुढे धरली.

त्यांनी ती चोळली. बराच वेळ चोळली. हात चांगला होता त्यांचा, कधीकाळी.

"चिठ्ठी चुकलीय," शेवटी ते म्हणाले. "चिकणच आहे."

"चिटणीस, कलम वाचा," बाई म्हणाल्या.

चिटणिसांना कोणतं ते विचारावं लागलं नाही. "जो सभेसमोर मातीचा पोत सांगेल, तोच अध्यक्षाच्या खुर्चीत बसेल."

बाईंनी खुर्ची मागे ओढली. नॅपकिनमधून लाल डाग आता बाहेर आला होता.

"बाई, असं नाही चालत," यंत्रवाला म्हणाला. "मतं तुम्हाला पडलीत."

"मतं हातांना पडलीत," बाई म्हणाल्या. "बस."

तो उभाच राहिला. मग पाठीमागून कुणीतरी टाळी वाजवली, आणखी दोघांनी वाजवली, फार नाही. थोरल्या सरांच्या वेळी सभागृह उभं राहिलं होतं, तसं काही झालं नाही. तो बसला. चिटणिसांनी त्याच्यापुढे विषयपत्रिका ठेवली. पहिलाच विषय होता: परीक्षेतून हाताचा पेपर काढून टाकणे. ठराव त्यानेच वर्षभरापूर्वी लिहून दिलेला. त्याने कागद उचलला तर त्यावर त्याच्या अंगठ्याचा मातीचा ठसा उमटला. तो ठशाकडे बघत राहिला.

"हा विषय पुढच्या सभेत घेऊ," तो म्हणाला आणि कागद उलटा ठेवला.

बाई व्यासपीठावरून उतरल्या. तिसऱ्या रांगेत ताईने पर्स बाजूला करून जागा केली. रुमाल काढला, बाईंचा हात मांडीवर घेतला, नॅपकिन सोडला, जखम बघितली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत घट्ट बांधायला लागली. वर चिटणीस मागच्या वर्षीचा अहवाल वाचत होते.

"दुखतंय?"

"नाही गं."

"मग रडतेस कशाला?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मोकळा हात वर नेऊन गालावरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. बोटांनी काही सांगितलं नाही.

"ओला आहे?" त्यांनी विचारलं.

"ओला आहे," ताई म्हणाली.